नवी मार्गिका सुरू होण्याआधी स्थानकातले फलक बदलताना

५ जानेवारी २०२३ रोजी मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी विमानं सुटू लागली. त्या सकाळपर्यंत गोव्यात ‘विमानतळ’ म्हणजे दाबोळी, दुसरं काही नाही. त्या सकाळनंतर नुसतं ‘विमानतळ’ आणि पुढे बाण एवढंच लिहिलेला प्रत्येक फलक अपुरा ठरला. कोणी त्याला हात लावला नव्हता, एक मात्राही हलली नव्हती. मोप्याला जायचं तर रेल्वेने पेडण्याला उतरावं, दाबोळीला जायचं तर वास्कोच्या गाडीत बसून दाबोळीला. चुकलात तर गोव्याच्या या टोकावरून त्या टोकाला.

फलकाच्या कामात आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतो. मेट्रोची किंवा रेल्वेची नवी मार्गिका उघडते तेव्हा सगळ्यांचं लक्ष नव्या स्थानकांकडे असतं. तिथे सगळं कोरं असतं, आराखड्याबरहुकूम लावत जायचं. खरं काम असतं जुन्या स्थानकांत, जिथे काल बरोबर असलेला फलक उद्या चुकीचा होणार असतो. नवा फलक कोणीही लावेल. जुना शेवटचा फलक शोधून काढणं, हे आपलं काम.

आमची कार्यशाळा फोंड्याजवळ कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत. गोव्यात शहरी मेट्रो नाही, पण पुण्या-मुंबईकडच्या कामांचे फलक आमच्यासारख्या लहान कार्यशाळांतही बनतात आणि ते बसवायला आमची माणसं जातात. अशी कामं हाती येणाऱ्या कार्यशाळांसाठी आणि जागेवर उभं राहून ती करवून घेणाऱ्या पर्यवेक्षकांसाठी हे लिहितो आहे.

आधी मोजणी

कंत्राटाबरोबर फलकांची यादी मिळते. ती हातात ठेवा, पण तिच्यावर काम सुरू करू नका. यादी बांधकामाच्या वेळची असते. त्यानंतर स्थानक वापरात आलेलं असतं, कोणी पाटी हलवलेली असते, कोणी नवी लावलेली असते, एखादी जाहिरातीच्या चौकटीमागे गेलेली असते.

स्थानकात तीन फेऱ्या मारायच्या. पहिली, रस्त्यावरून आत येणाऱ्या प्रवाशासारखी: पदपथ, दार, तिकीट, तपासणी, जिना, फलाट. दुसरी, गाडीतून उतरून बाहेर पडणाऱ्यासारखी. तिसरी, गाडी बदलणाऱ्यासारखी: एका फलाटावरून दुसऱ्यावर, बाहेर न पडता. या तिन्ही फेऱ्यांत तोच खांब वेगळ्या बाजूने दिसतो आणि त्याच्या पाठीवरची पाटी एखाद्याच फेरीत सापडते. शिवाय एक फेरी लिफ्टने मारा, चाकांच्या खुर्चीवरचा माणूस जाईल त्या वाटेने. ती वाट जिन्याच्या वाटेपेक्षा वेगळी असते आणि तिथल्या पाट्या यादीत हमखास राहून जातात.

प्रत्येक फलकाला नंबर द्या. नोंदवहीत त्याच्यापुढे जागा, माप, साहित्य, कशावर टांगला आहे, वीज आहे का, सध्याचा मजकूर अक्षरशः जसा आहे तसा आणि बाण कुठल्या दिशेला, हे लिहा. दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक प्रवासी जिथे थांबून वाचेल तिथून. शेवटी ‘मालक कोण’ हा रकाना. फलाटावरची पाटी मेट्रोची असते, पादचारी पुलावरची रेल्वेची, बाहेरच्या रस्त्यावरची महापालिकेची किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याची, बसथांब्यावरची परिवहन उपक्रमाची. दुसऱ्याच्या मालकीच्या फलकाला हात लावायला पत्र लागतं आणि त्या पत्राला महिने लागतात. म्हणून हा रकाना पहिल्याच आठवड्यात भरून पत्रं रवाना झाली पाहिजेत.

मोजताना कागद विसरू नका. तिकीट खिडकीच्या काचेवर, खांबावर, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी कर्मचाऱ्यांनी चिकटपट्टीने लावलेले छापील किंवा हाताने लिहिलेले कागद असतात: ‘अमुक बाजूला जाण्यासाठी इथून वर जा’. ते फाडून टाकायची घाई करू नका. रोज शंभर माणसांनी तोच प्रश्न विचारल्यावर कंटाळलेल्या कर्मचाऱ्याने तो कागद लावलेला असतो. आपला फलक कुठे कमी पडतो ते तो कागद दाखवतो. मी त्यांचे फोटो वेगळ्या पानावर लावतो आणि नव्या मजकुराला सुरुवात तिथून करतो.

कार्यशाळेतल्या नव्या मुलांना या सरावासाठी मी मडगावला नेतो. तिथे कोकण रेल्वेचा मार्ग आणि वास्को-कुळे हा दक्षिण पश्चिम रेल्वेचा मार्ग एकत्र येतात. मुलांना सांगतो, तुम्ही मुंबईच्या गाडीतून उतरलात आणि वास्कोला जायचं आहे. कोणाला विचारू नका, मोबाइल काढू नका, फक्त पाट्या वाचत चला. जिथे पाऊल अडेल तिथे खडूने खूण करा. तासाभरात मुलं जे शिकतात ते आठवडाभर वर्गात बसवून शिकवता येत नाही.

नाव लिहून घ्या, सहीनिशी

मजकुराचा तक्ता, म्हणजे कुठल्या फलकावर नेमकं काय लिहायचं त्याची यादी, तयार करताना प्रत्येक नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजीत कसं लिहायचं ते अधिकृत पत्रावर घ्या. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, ‘सगळ्यांना माहीत आहे’ म्हणून काहीही घेऊ नका.

गोव्यातल्या माणसाला याचं महत्त्व सांगावं लागत नाही. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी इथली राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा राहिली. रेल्वेच्या पाटीवर प्रादेशिक भाषा, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन ओळी येतात. म्हणजे दोन ओळी देवनागरीतच, आणि त्यांच्यात फरक एखाद्या अनुस्वाराचा किंवा ‘ळ’चा. करमळी, बाळ्ळी, कुळे या नावांतला ‘ळ’ हिंदीच्या ओळीत ठेवायचा की त्याचा ‘ल’ करायचा? आमच्या तोंडी काणकोण, सांकवाळ, सावर्डे. रोमन लिपीत मात्र पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं, आणि ती परत देवनागरीत आणताना होणारी विचित्र रूपं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. हा निर्णय पाटी रंगवणाऱ्याने घेऊ नये. ज्याच्या अधिकारात आहे त्याच्याकडून लिहून घ्यावा आणि मग त्यात काना-मात्रेचाही बदल करू नये.

रेल्वे स्थानकाचं नाव बदलायचं असेल तर प्रस्ताव राज्य सरकारकडून जातो, केंद्रीय गृहमंत्रालयाची ना हरकत लागते, त्याआधी रेल्वे, टपाल खातं आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांचं मत घेतलं जातं. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं ते जुलै २०१८मध्ये. वर्तमानपत्रात नाव आलं म्हणून फलक कापायला घेऊ नका, आदेशाची प्रत हातात आल्यावरच प्लॉटर, म्हणजे अक्षरं कापणारं यंत्र, सुरू करा.

आणखी एक गाठ असते, एकाच ठिकाणाची दोन नावं. मुंबईत जानेवारी २०२३मध्ये मेट्रो २ अ आणि ७ यांचे दुसरे टप्पे सुरू झाले आणि त्या मार्गिका मेट्रो १ला जोडल्या गेल्या. पुलाच्या एका टोकाला मेट्रो १चं वेस्टर्न एक्सप्रेस हायवे, दुसऱ्या टोकाला मेट्रो ७चं गुंदवली. तसंच एका टोकाला डी. एन. नगर आणि दुसऱ्या टोकाला अंधेरी पश्चिम. २०१४पासून मेट्रो १ वापरणाऱ्या माणसाला ‘गुंदवली’ या शब्दावरून काय कळणार? अशा जागी जुन्या स्थानकातल्या फलकावर मार्गिकेचा क्रमांक, तिचा रंग, पुढच्या स्थानकाचं नाव आणि ती मार्गिका शेवटी कुठे जाते, हे चारही हवं. यातलं एक जरी गाळलं तरी माणूस पुलाच्या मधोमध थांबतो आणि मागची गर्दी त्याच्या अंगावर येते.

रंगावर एकट्याने भिस्त ठेवू नका. लाल-हिरवा भेद न करता येणारी माणसं रोज प्रवास करतात. रात्री पिवळ्या दिव्याखाली निळसर आणि हिरवट छटा सारख्याच दिसतात. रंगाच्या पट्टीत आकडा हवाच.

माणसाला नेमकं कुठे जायचं असतं

करमळीला उतरणाऱ्या बहुतेकांना करमळीत काम नसतं, त्यांना पणजी गाठायची असते. थिवीला उतरणाऱ्याला म्हापसा हवं असतं. स्थानकाचं नाव आणि प्रवाशाच्या मनातलं नाव वेगळं असलं की बाहेर पडण्याच्या फलकावर मनातलं नाव आलं पाहिजे: ‘म्हापसा बस’, ‘पणजी बस’. मुंबईच्या मेट्रो ३वर स्थानकाचं नाव जगन्नाथ शंकरशेट आहे, पण लांबच्या गाडीची वेळ गाठायला धावणारा माणूस ‘मुंबई सेंट्रल’ हे दोन शब्द शोधत असतो. दोन्ही लिहावीत.

इथे जागेचा मोह आवरावा लागतो. एका फलकावर चारपेक्षा जास्त ठिकाणं आली की चालता चालता वाचून होत नाही. देवळं, शाळा, बँका, नगरसेवकाने सुचवलेला चौक, सगळ्यांची मागणी येते. त्यांना फलाटावरच्या फलकात जागा देऊ नका, बाहेर पडण्याच्या दाराजवळ परिसराचा नकाशा असतो, तिथे द्या.

शेवटचं स्थानक बदललं की सगळंच बदललं

फलाटावर दिशा सांगायची रीत म्हणजे शेवटच्या स्थानकाचं नाव: ‘अमुककडे’. मार्गिका पुढे वाढली की ते नाव जातं, आणि ते मार्गिकेवरच्या प्रत्येक स्थानकातून जातं. पुण्यात वनाजहून निघणारी गाडी ६ मार्च २०२२ला गरवारे महाविद्यालयापर्यंत जात होती, १ ऑगस्ट २०२३पासून रुबी हॉलपर्यंत, ६ मार्च २०२४पासून रामवाडीपर्यंत. मुंबईची मेट्रो ३ तर ७ ऑक्टोबर २०२४ला आरे ते बीकेसी, १० मे २०२५ला आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ९ ऑक्टोबर २०२५ला कफ परेडपर्यंत. वर्षभरात तीन शेवटची स्थानकं.

टप्प्याटप्प्याने उघडणाऱ्या मार्गिकेचं काम असेल तर पहिल्याच टप्प्यात फलकाची रचना बदलती ठेवा. शेवटच्या स्थानकाचं नाव एका वेगळ्या पट्टीवर, सरकवून काढता येईल अशा खाचेत. मूळ फलक कायमचा, पट्टी बदलायची. सुरुवातीला खर्च थोडा जास्त वाटतो. पण दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक स्थानकातले प्रकाशपेटीचे फलक उतरवून नवे चढवण्यापेक्षा तळहाताएवढ्या रुंदीची पट्टी बदलणं किती सोपं, ते शिडीवर चढणाऱ्याला विचारा. खाच नसेल तर निदान नवं व्हिनाइल, म्हणजे पाठीला गोंद असलेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, चिकटवण्यापुरती सपाट जागा सोडा. व्हिनाइलवर व्हिनाइल मात्र एकदाच. तिसरा थर बसला की कडा उचलते, आणि उचललेल्या कडेतून जुनं नाव डोकावतं.

माझ्या हातून झालेली चूक इथेच सांगतो. एका शहरात, वाढलेल्या मार्गिकेच्या एका स्थानकात, आम्ही रात्रभर खपून सगळ्या पट्ट्या बदलल्या. सकाळी मी फलाटावर उभा होतो. साडेसहाच्या सुमारास एक मुलगा धावत लिफ्टमधून उतरला, हातात परीक्षेचं प्रवेशपत्र, आणि थेट चुकीच्या फलाटावरच्या गाडीत शिरला. दार बंद झालं आणि काचेतून त्याला समोरच्या नकाशावरचं स्थानकाचं नाव दिसलं असावं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. लिफ्टच्या आत, बटणांच्या वर, स्टीलची एक लहान पाटी होती, कोरलेल्या अक्षरांची, जुन्या शेवटच्या स्थानकाची. लिफ्ट पुरवणाऱ्याने ती बसवलेली, म्हणून फलकांच्या यादीत नव्हती, आणि मी लिफ्टने फेरी मारली नव्हती. त्या दिवसापासून नोंदवहीच्या पहिल्या पानावर ‘लिफ्टच्या आत’ हे शब्द लाल शाईने लिहिलेले असतात.

अक्षरं

मंजूर नियमपुस्तिका असेल तर मापं तिच्यातलीच. नसेल तिथे माझा कामचलाऊ हिशोब असा: दहा मीटरवरून वाचायचं तर अक्षराची उंची ४० मिलीमीटर, वीस मीटरवरून ८०. ही उंची शिरोरेषेपासून ‘म’च्या तळापर्यंत मोजायची, मात्रा-वेलांट्या धरून नाही. रोमनमधल्या मोठ्या अक्षरांना वर-खाली काही लागत नाही, देवनागरीला लागतं. म्हणून दोन्ही लिपींना आकड्याने सारखी उंची दिली की देवनागरी बारकी दिसते. मराठी ओळ थोडी मोठी करावी लागते आणि दोन ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं. ‘कुर्ला’ हा शब्द लावून बघा: खाली उकार, वर रफार. हा शब्द वरच्या-खालच्या ओळीला न घासता बसला तर बाकीचे बसतात.

संगणकातले बरेच देवनागरी फाँट हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात. मराठीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा, असं महाराष्ट्र शासनाने २००९च्या निर्णयात सांगितलं आहे. फाँटमध्ये मराठी रूपं बहुधा असतात, फक्त निवडावी लागतात. मेट्रो ३वरचं ‘शीतलादेवी’ हे नाव यासाठी उत्तम परीक्षा, दोन्ही अक्षरं त्यात आहेत. दुसरी परीक्षा ‘जाणाऱ्या’ या शब्दाची. ‘कडे जाणाऱ्या गाड्या’ हे शब्द फलकावर पावलोपावली येतात आणि चुकीच्या फाँटमध्ये त्यातला ऱ्य मोडून त्याचा रफार होतो. आपल्या भाषेचा शब्द आपल्याच स्थानकात मोडका दिसणं मला सहन होत नाही, आणि तो प्रवाशालाही खटकतो.

जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरं बदलतात. म्हणून छपाईला फाइल देताना मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करूनच द्यावा, आणि कर्व्ह केल्यावर पुन्हा एकदा वाचावा. वाचणारा माणूस फाइल बनवणाऱ्यापेक्षा वेगळा हवा. आमच्याकडे हे काम एक निवृत्त मराठी शिक्षिका करतात. बाई शब्द शेवटून सुरुवातीकडे वाचतात, म्हणजे डोळा सवयीने पुढे पळत नाही. ब्रेल पाट्या असतील तर त्या ब्रेल वाचणाऱ्या माणसाच्या बोटाखालून गेल्याशिवाय लावू नका. उलटी लावलेली ब्रेल पाटी डोळस माणसाला कधीच कळणार नाही.

बाणांबद्दल एवढंच की, ‘सरळ पुढे’साठी वर जाणारा बाण वापरा. खाली जाणारा बाण जिना किंवा खालचा मजला सुचवतो. एकाच स्थानकात दोन अर्थ होऊ देऊ नका.

मजकूर पक्का झाला की लगेच खरा फलक बनवू नका. मूळ मापात साध्या कागदावर छापा, जागेवर चिकटवा आणि गर्दीच्या वेळी बघा. कॅमेऱ्याचा खांब, जाहिरातीचा पडदा, पंख्याचं पातं, सूर्य मावळताना काचेवर पडणारी तिरीप, यातलं काहीही आराखड्यात दिसत नाही.

साहित्य, आणि आमचा पाऊस

गोव्याने मला साहित्य शिकवलं. वास्कोला एका नातेवाइकांच्या गच्चीवर, समुद्राच्या वाऱ्यात, मी नमुन्याच्या पट्ट्या एक अख्खा पावसाळा बांधून ठेवतो. जून ते सप्टेंबर तिथे जे टिकलं ते कुठेही टिकतं. साध्या लोखंडी खिळ्याची गंजकी ओघळ सहा आठवड्यांत पाटीवर उतरते. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील समुद्राजवळ डाग धरतं, ३१६ टिकतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात थेट स्टीलचा स्क्रू घातला तर खाऱ्या ओलाव्यात स्क्रूभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं. मध्ये नायलॉनचा वॉशर घालायचा, चार आण्यांची वस्तू.

भुयारी स्थानकासाठी एसीपी शीट (दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये गाभा असलेली) वापरण्याआधी तिच्या गाभ्यात काय आहे ते विचारा. साधा प्लॅस्टिकचा गाभा पेटतो आणि धूर करतो. तिथे आगरोधक प्रमाणपत्र असलेलं साहित्य किंवा सरळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्राच.

व्हिनाइल पावसाळ्यात चिकटवायचं असेल तर बंद खोलीत, पृष्ठभाग कोरडा करून. दमट हवेत लावलेलं व्हिनाइल त्या दिवशी छान दिसतं आणि दिवाळीला फुगे धरतं. फलक गाडीत भरताना दोन-दोन समोरासमोर, मध्ये फोम, आणि भरण्याचा क्रम बसवण्याच्या उलट: जो आधी बसवायचा तो शेवटी भरायचा. कुंडईहून निघालेली गाडी घाट चढून पुण्याला पोचते तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात. बारानंतर काम सुरू होतं. तेव्हा पहिला फलक तळाशी असून चालत नाही.

लावून झाकून ठेवा

उद्घाटनाची तारीख पुढे जाते. हे गृहीत धरूनच चला. नवी मेट्रो मार्गिका प्रवाशांसाठी उघडण्याआधी मेट्रो रेल सुरक्षा आयुक्तांची तपासणी आणि मंजुरी लागते. तपासणीच्या दिवशी फलक जागेवर असायला हवेत. पण प्रवाशांना ते त्या दिवशी दिसायला नकोत, कारण गाडी अजून सुरू नाही.

म्हणून नवे फलक आधी बसवायचे आणि झाकायचे. झाकायला चिकट व्हिनाइल थेट अक्षरांवर नको. महिनाभर राहिलं की त्याचा गोंद उरतो आणि काढताना रंग सोलतो. जाड काळ्या कापडाची पिशवी शिवून घ्या, खाली नाडी आणि वर फलकाचा नंबर. भुयारात कापडही आग न धरणारं. आपत्कालीन दाराचा हिरवा फलक, अग्निशामकाची खूण, विजेचा धोका, हे कधीच झाकायचं नाही, एका रात्रीसाठीही नाही. जुना आणि नवा फलक दोन्ही एका वेळी उघडे नकोत. प्रवाशाला दोन उत्तरं दिली की तो तिसऱ्याला विचारतो, आणि मग पुढच्या कुठल्याच फलकाकडे बघत नाही.

बदलाची रात्र

शेवटची गाडी गेल्यापासून पहिली सुटेपर्यंत वेळ मोठी वाटते. परवानगी, वीज बंद केल्याची खात्री, साहित्य आत आणणं आणि शेवटी सगळं मोजून बाहेर काढणं, हे वजा केलं की हाती तीन तास उरतात. फलाटावरच्या कामाला डोक्यावरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेचा विचार आधी. चालू तारेपासून दोन मीटरच्या आत माणूस, शिडी, पत्रा काहीही जाता कामा नये. तारेजवळचं काम पॉवर ब्लॉक, म्हणजे तारेची वीज ठरावीक वेळ बंद ठेवण्याची परवानगी, लेखी मिळाल्यावर आणि तार अर्थ केल्यावरच, म्हणजे जमिनीला जोडल्यावरच. ‘बंदच असेल’ या शब्दांवर कोणाला वर चढवू नका. अ‍ॅल्युमिनियमची शिडी फलाटावर आणूच नका, फायबरची आणा.

काम मजल्यांप्रमाणे वाटू नका, वाटांप्रमाणे वाटा. एक टोळी ‘रस्ता ते फलाट एक’ ही पूर्ण वाट करते, दुसरी ‘फलाट ते गाडी बदलणे’. पहाटे वेळ संपली तर निदान काही वाटा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण झालेल्या असतात. मजल्यांप्रमाणे केलं आणि एक मजला राहिला तर प्रत्येक वाट मध्येच तुटते. प्रत्येक टोळीमागून एक माणूस हातात नोंदवही घेऊन रिकामाच चालतो. त्याने स्क्रू फिरवायचा नाही, फक्त नंबर वाचायचा आणि खूण करायची.

काढलेला जुना फलक त्याच रात्री स्थानकाबाहेर. भिंतीला टेकवून ठेवलेला फलकही माणसं वाचतात. आणि तो काढल्यावर भिंतीवर जी फिकी चौकोनी खूण उरते, धुळीत उमटलेल्या बाणासकट, ती पुसून रंगाचा हात मारायला एक माणूस हवाच.

याच रात्री डब्यांतल्या दारांवरचे नकाशे, उद्घोषणा, तिकीट यंत्राचा पडदा, भाड्याचा तक्ता आणि संकेतस्थळ, मोबाइल अ‍ॅप बदलायचं असतं. ते इतरांचं काम, पण तक्ता तुमचाच वापरायला लावा. पाटीवर एक नाव आणि उद्घोषणेत दुसरं, असं होऊ देऊ नका. रिक्षातळावर आणि बसथांब्यावर आदल्या दिवशी जाऊन सांगा. रिक्षावाले दादा दिवसभरात जितक्या जणांना वाट सांगतात तितकी कुठलीच पाटी सांगत नाही.

दुसरी सकाळ

झोपायला जाऊ नका. पहिली गाडी ते दहा वाजेपर्यंत थांबा. फलकाखाली उभं राहायचं नाही, माणसं तुम्हालाच विचारतील. थोडं दूर, भिंतीला लागून उभं राहून पावलं बघा. न थांबता जाणारे मोजू नका, थांबणारे मोजा. एकाच जागी तीन जण थांबले की तिथे फलक कमी पडतो आहे. त्या जागी लगेच तात्पुरता छापील फलक लावा आणि कायमचा पंधरा दिवसांत बनवा. कोणी वयस्क मावशी थांबून विचारू लागल्या तर आधी त्यांना वाट दाखवा, मग नम्रपणे विचारा, ‘मावशी, कुठली पाटी शोधत होता?’ मला मिळालेली सगळ्यात चांगली दुरुस्ती अशाच एका मावशींनी सांगितली होती. फलक बरोबर होता, पण सरकत्या जिन्यावरून वर येताना तो डोक्याच्या मागे जात होता. आम्ही तो दीड मीटर पुढे टांगला.

आठ दिवसांनी आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा एकेक फेरी मारा. नोंदवहीची एक प्रत स्थानक नियंत्रकाकडे द्या, एक स्वतःकडे ठेवा. प्रत्येक फलकाच्या पाठीवर न पुसणाऱ्या शाईने नंबर, बसवल्याची तारीख आणि मजकुराच्या तक्त्याची आवृत्ती लिहा. नोंदवहीत शेवटी एक रकाना मोकळा सोडा, ‘पुढची मार्गिका आली की यातलं काय बदलेल’. तो त्याच आठवड्यात भरायचा, कारण त्या वेळी प्रत्येक खांब डोळ्यांसमोर असतो.